हमीभावाचा कायदा मागावा की बाजाराची मोकळीक? कापूस-केळीवाल्या गटाच्या ठरावासाठी मत हवं

गिरणाकाठ

राम राम मंडळी. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची वार्षिक सभा तोंडावर आली आहे. सभासद चोपडा, यावल आणि अमळनेर तालुक्यांतले. कापूस जवळजवळ सगळ्यांचा, तापीकाठच्या लोकांची केळीही. सभेत शेतमालाच्या बाजाराबद्दल ठराव करून तो आमदार-खासदार, जिल्हाधिकारी आणि पुण्याला पणन संचालकांकडे पाठवायचा आहे.

मसुद्यावर सरळ दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, हमीभावाच्या खाली कोणीही खरेदी केली तर तो गुन्हा ठरावा, असा कायदा मागा. दुसरा तट म्हणतो, सरकारने बाजारातून हात काढून घ्यावा, बाकी शेतकरी आणि व्यापारी बघून घेतील. दोन्ही कागद वाचले. घोषणा भरपूर आहेत, पण कोणतं कलम, कोणता आदेश, कोणाच्या अखत्यारीतला, हे कुठेच नाही.

जाणकारांनी हे सांगावं: हमीभाव सक्तीचा झाला तर जिनिंगच्या (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) दारात नेमकं काय होईल? ‘सरकारी हस्तक्षेप बंद करा’ म्हणताना कोणत्या कायद्यांवर बोट ठेवायचं? आणि केळी तर २०१६ पासून बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त आहे, तरी केळीवाल्यांची रड संपलेली नाही, याचा अर्थ कसा लावायचा?

रुईगाठ

मी कापसापुरतं लिहितो. आधी हिशोब, मग मत.

जिनवाला कापसाचा भाव मनाने काढत नाही. रुई आणि सरकीच्या भावावरून तो मागे मागे येतो आणि आपली पडतळ, म्हणजे त्याला परवडणारा खरेदीभाव, काढतो. एक क्विंटल कापूस जिनमध्ये गेला की साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी मिळते, बाकी घट. रुईचा भाव खंडीवर असतो आणि खंडी म्हणजे ३५६ किलो. समजा खंडी ५४,००० रुपयांना आहे. रुई किलोला १५१ रुपये ७० पैसे पडली, ३४ किलोचे झाले ५,१५७. सरकी ३३ रुपये किलो धरली तर ६४ किलोचे २,११२. बेरीज ७,२६९. यातून जिनिंग, प्रेसिंग, हमाली, वाहतूक, व्याज मिळून ३०० रुपये काढा. उरले ६,९६९. त्या दिवशी जिनवाल्याने यापेक्षा महाग कापूस घेतला तर प्रत्येक गाठीत तोटा.

आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, आजचे भाव घालून सभेत फळ्यावर मांडा. नातं बदलत नाही: खंडीत १,००० रुपये हलले की कापसात क्विंटलला सुमारे ९५ रुपये हलतात. सरकी किलोला एक रुपयाने हलली की ६४ रुपये. उतारा, म्हणजे क्विंटलमागे निघणारी रुई, ३४ किलोवरून ३३ वर आला की जवळपास १२० रुपये गेले. म्हणूनच जिनवाला आधी बोंडातली रुई ओढून बघतो, सरकी दाताखाली धरून ओलावा बघतो, आणि मगच तोंड उघडतो.

आता २०२५-२६ चा हमीभाव घ्या. लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१०. वरच्या उदाहरणात पडतळ ६,९६९ आहे. कायद्याने सक्ती केली तर मधले १,१४१ रुपये कोण देणार? सूतगिरणी देणार नाही, कारण तिला रुई बाहेरच्या देशातूनही मिळते आणि तिचं सूत जगाच्या भावाने विकलं जातं. म्हणजे जिनवाला तोटा खाईल किंवा शटर ओढेल. शटरच ओढेल. खेडा खरेदी त्याच्याही आधी बंद पडेल, कारण गावात फिरणारा छोटा व्यापारी तुरुंगाची जोखीम घेणार नाही. कायदा फक्त महाराष्ट्राचा असेल तर गाड्या मध्य प्रदेशातल्या सेंधवा, खेतिया, बऱ्हाणपूरकडे वळतील. देशभराचा असेल तर सगळा माल भारतीय कापूस महामंडळाच्या म्हणजे सीसीआयच्या केंद्रावर येईल.

तिथे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला भावाचा एक टक्का कापला जातो, म्हणजे १२ टक्के ओलाव्याच्या लांब धाग्याच्या कापसाला ३२४ रुपये कमी. १२ च्या वर गाडी परत. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या वेचणीचा, परतीच्या पावसात भिजलेला कापूस बऱ्याचदा १२ च्या वरच असतो. आज ती परत आलेली गाडी कमी भावात का होईना, खाजगी जिनमध्ये खाली होते. सक्तीच्या कायद्यात ती खाली करून घेणारा गुन्हेगार ठरेल. कवडी (किडका, खराब कापूस), फरदड (हंगामानंतर राखलेल्या झाडांचा कापूस), बोंडअळीचा पिवळा कापूस, हा सगळा माल कायदेशीररीत्या विकताच येणार नाही, कारण त्याला हमीभाव द्यावा असा त्याचा दर्जा नाही आणि त्याखाली घ्यायला बंदी.

माझं मत स्पष्ट आहे. हमीभाव म्हणजे सरकारने स्वतः खरेदीला उभं राहण्याचा भाव, तो तसाच राहू द्या. खाजगी खरेदीदाराला तो सक्तीचा करू नका. भाव वाढवायचा असेल तर दारात आणखी चार खरेदीदार उभे राहतील असं काहीतरी मागा.

सातपुडापायथा

रुईगाठ भाऊंच्या हिशोबाला धरूनच पुढचं. ‘हस्तक्षेप थांबवा’ असं मोघम पाठवलं तर उत्तरही ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले’ असं मोघमच येईल. म्हणून कायदा, कलम आणि खातं लिहून मागा.

त्याआधी सभेतल्या तरुण सभासदांना एक इतिहास सांगायलाच हवा. महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कायदा १९७१ चा, खरेदी १९७२-७३ च्या हंगामापासून. राज्यात कापूस घेणारा एकच खरेदीदार, सरकार. शेतकऱ्याने आपलाच कापूस मध्य प्रदेशात किंवा गुजरातेत नेला तर तो गुन्हा. शिरपूर, शहादा, चोपडा, रावेर हे सगळे सीमेवरचे तालुके, इथून पलीकडचा बाजार बैलगाडीच्या अंतरावर आणि मधे नाकी. पलीकडे भाव पडलेले असले की तिकडचा कापूस इकडे यायचा आणि योजनेला तोटा व्हायचा. पलीकडे भाव चढले की इकडचा कापूस रात्रीतून तिकडे जायचा. ग्रेडर सांगेल ती प्रत, चुकारा महिनोन्महिने अडकलेला. २००२ च्या सुमारास खाजगी खरेदी पुन्हा मोकळी झाली तेव्हा योजना तोट्याने खचलेली होती. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून ‘उणे सबसिडी’ हा मुद्दा मांडला तो ही योजना चालू असतानाच: सरकार देतं त्यापेक्षा बाजार अडवून काढून घेतं ते जास्त. एकच खरेदीदार म्हणजे काय, हे खानदेशाने पिढीभर भोगलं आहे. हमीभाव सक्तीचा करून खाजगी खरेदीदार पळवले तर आपण चालत पुन्हा तिथेच जाऊ.

आता कलमं.

निर्यातबंदी. विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२, कलम ३. याखाली केंद्र सरकार एका अधिसूचनेने निर्यात थांबवू शकतं, अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालय काढतं. कापसावर एप्रिल २०१० मध्ये आणि ५ मार्च २०१२ ला हे झालं आहे. साक्री-पिंपळनेरच्या कांदेवाल्यांना तर ताजं आहे: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण बंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लागलं, सप्टेंबर २०२४ मध्ये मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ ला शून्य. वीस महिन्यांच्या आत एवढी उलथापालथ. आखाती देशांतला किंवा बांगलादेशातला आयातदार अशा विक्रेत्याशी वर्षाचा करार करणार नाही, तो दुसरा देश शोधतो, आणि बंदी उठल्यावर तो लगेच परत येत नाही. बंदीचं नुकसान बंदीच्या महिन्यांपुरतं मोजतात, ही नेहमीची चूक.

इथे मागायला एक नेमकी जागा आहे. जानेवारी २०२५ मध्ये विदेश व्यापार धोरणात परिच्छेद १.०७अ आणि १.०७ब घातले गेले. धोरणात बदल करण्याआधी संबंधितांची मतं मागवावीत, ३० दिवस द्यावेत, अशी ती तरतूद आहे. पण सरकारला स्वतःहून तातडीने निर्णय घेण्याची पळवाट ठेवली आहे. शेतमालाच्या बाबतीत ही पळवाट बंद करा, आणि निर्बंध घातलाच तर त्याची कारणं व मुदत संपण्याची तारीख त्याच अधिसूचनेत छापा, अशी मागणी करा. ‘निर्यातबंदी कधीच करू नका’ यापेक्षा ही मागणी नाकारणं कठीण आहे.

साठामर्यादा. आवश्यक वस्तू अधिनियम, १९५५, कलम ३. मोडल्यास कलम ६अ खाली जिल्हाधिकारी माल जप्त करू शकतात, कलम ७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा. कच्चा कापूस आज या यादीत नाही, पण डाळी आहेत. जून २०२३ मध्ये तूर आणि उडदावर मर्यादा आली: घाऊक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळला ५ टन. लोकांना वाटतं हा व्यापाऱ्यांना चाप आहे. व्यापाऱ्याचं गोदाम भरलेलं असताना नवीन माल आला की तो बोली लावत नाही, आणि त्या दिवशी बाजारात विकायला उभा असतो तो शेतकरी. शिवाय डाळमिल टाकायला, गोदाम बांधायला पैसा घालणाऱ्याला उद्या ते अर्धं रिकामं ठेवावं लागेल ही धास्ती असेल तर तो बांधतच नाही. मग हंगामात भाव पडतो आणि उन्हाळ्यात चढतो, आणि चढला म्हणून पुन्हा मर्यादा.

२०२० च्या दुरुस्तीत यावर उंबरठा ठरवला होता: नाशवंत फळ-भाजीपाल्याचा किरकोळ भाव १०० टक्के आणि टिकाऊ शेतमालाचा ५० टक्के वाढला तरच मर्यादा, तीही मागच्या बारा महिन्यांच्या किंवा पाच वर्षांच्या सरासरीच्या तुलनेत, यातलं जे कमी ते धरून. २०२१ मध्ये २०२० च्याच बाकी दोन कृषी कायद्यांबरोबर हीसुद्धा मागे घेतली गेली. त्या दोन कायद्यांबद्दल वाद असू शकतो, या उंबरठ्यात मात्र शेतकऱ्याचं कसलंही नुकसान नव्हतं. तेवढा तुकडा परत मागा.

वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आज ठरणारे सौदे. डिसेंबर २०२१ मध्ये बाजार नियामक सेबीने बासमती सोडून धान, गहू, हरभरा, मोहरी, सोयाबीन, कच्चं पामतेल आणि मूग यांचे वायदे थांबवले आणि पुन्हा पुन्हा मुदतवाढ दिली. आपल्याकडे हरभरा आणि सोयाबीन दोन्ही आहेत. पेरणीच्या वेळी पुढच्या चार महिन्यांचा भाव दाखवणारा एकमेव फळा पुसून टाकला. कापसाचा वायदा चालू आहे: एमसीएक्स या वायदेबाजारात एका सौद्याला ४८ खंडी, म्हणजे १०० गाठी, म्हणजे साधारण ५०० क्विंटल कापूस. एकट्या शेतकऱ्याला हे शक्य नाही, तुमच्या कंपनीला आहे. पण एक खबरदारी घ्या. वायदा विकून ठेवला आणि भाव चढला तर फरकाची रक्कम रोजच्या रोज भरावी लागते, गाठी विकून पैसे यायच्या आधी. खात्यात त्यासाठी रोकड बाजूला नसेल तर सौदा मधेच तोडला जातो, आणि संरक्षण म्हणून घेतलेली गोष्ट निव्वळ तोटा देऊन जाते. संचालक मंडळाचा लेखी निर्णय आणि मर्यादा ठरवल्याशिवाय हात लावू नका.

बियाणं. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाचा कमाल दर केंद्र सरकार ठरवतं, २०१५ च्या दर नियंत्रण आदेशाने, तोही आवश्यक वस्तू कायद्याखालीच. बीजी-२ या बोंडअळीरोधक जनुकीय (बीटी) कपाशीचं पाकीट २०२५-२६ ला ९०१ रुपये होतं. सगळ्या वाणांना एकच कमाल दर म्हटल्यावर ज्या वाणाला मागणी जास्त त्याचा तुटवडा, जादा पैसे बिलाबाहेर, नाहीतर ‘हे हवं तर तेही घ्या’ अशी जोडविक्री. जे मे-जूनमध्ये दुकानासमोर रांगेत दिसतं ते याच आदेशाचं फळ. त्यात भर अशी की बीजी-१ ला २००२ मध्ये आणि बीजी-२ ला २००६ मध्ये परवानगी मिळाली, त्यानंतर बाजारात रुजेल असं नवं जनुकीय वाण परवानगी घेऊन आलेलंच नाही. गुलाबी बोंडअळीने बीजी-२ ला दाद देणं सोडलं तरी नवं काही नाही. तणनाशक सहन करणारं एचटीबीटी चोरून येतं, त्याला बिल नाही, उगवलं नाही तर तक्रारीला जागा नाही. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने ते उघडपणे लावून सत्याग्रह केला, प्रश्न तिथेच आहे. मागणी एवढीच करा की परवानगीच्या प्रत्येक टप्प्याला मुदत असावी आणि नकार दिला तर कारण छापावं.

काही सभासद घटनेच्या नवव्या परिशिष्टाचं (न्यायालयात आव्हानापासून वाचवायला कायदे ठेवलेल्या यादीचं) कलम घालायला सांगतील. तत्त्वाशी माझी सहमती आहे. पण ती घटनादुरुस्तीची मागणी आहे, पणन संचालक त्यावर काहीच करू शकत नाहीत. वेगळ्या ठरावात घ्या.

केळीबाग

एवढं सगळं वाचलं. पटतंही. पण रावेर-यावलच्या माणसाला विचारा मोकळा बाजार कसा असतो. केळीला हमीभाव नाही, साठामर्यादा नाही, निर्यातबंदी नाही, आवाराबाहेर परवाना नाही की सेस नाही. पुस्तकात लिहितात तसा खुला बाजार. आणि होतं काय? भावाच्या बोर्डावर एक भाव, बागेत दुसरा. दांड्यापोटी वजन कापायचं, वरून ‘माल वापसीचा (हलक्या प्रतीचा) आहे’ म्हणून भाव पाडायचा. घड कापून झाल्यावर गाडी भरेपर्यंत भाव उतरलेला असतो. पक्व केळी चार दिवस ठेवता येत नाही हे समोरच्याला पक्कं माहीत आहे. पैसे बुडवून पळालेला व्यापारी परप्रांतातला निघाला की शेतकरी कोणाच्या मागे धावणार? तेव्हा ‘सरकारने हात काढावा’ हे वाक्य ठरावात घालू नका, ही हात जोडून विनंती.

बोरीकाठ

केळीबाग दादांशी मी पूर्ण सहमत आहे, आणि तरीही मोकळ्या बाजाराच्याच बाजूने लिहितो आहे. २०१६ मध्ये परवान्याची अट काढली ते बरोबर झालं. पण बाजार चालायला जे सरकारने करायचंच असतं, म्हणजे वजनमाप, कराराची अंमलबजावणी आणि लवकर निकाल, ते कोणी बांधलं नाही. आवारात निदान बाजार समितीकडे व्यापाऱ्याचा परवाना असतो आणि २४ तासांत चुकाऱ्याचा नियम असतो. बाहेर परवाना गेला, त्याच्या जागी काही आलं नाही. २०२० च्या केंद्राच्या व्यापार कायद्यातही हीच उणीव होती: पॅनकार्ड असलेला कोणीही खरेदी करू शकेल, तीन दिवसांत पैसे द्यावेत, तंटा झाला तर प्रांताकडे जा, दिवाणी न्यायालय बंद. ज्या प्रांताकडे आधीच जमिनीच्या अपिलांचा ढीग आहे त्याच्याकडे आणखी केळीचे तंटे.

तोपर्यंत हाताशी आहे ते वापरा. बागेतला सौदा तोंडी होतो आणि शेतकऱ्याकडे फक्त वजनाची चिठ्ठी उरते, सगळं बिनसतं ते इथे. कंपनीने एक पानी छापील सौदापावती करावी. त्यात तारीख, गट नंबर, घडांची संख्या, भाव कोणत्या दिवसाचा आणि कुठला (बऱ्हाणपूरचा लिलाव की रावेरचा बोर्ड), फरक किती, दांड्याची कपात किती टक्के, वापसी कोण ठरवणार आणि कधी, पैसे कोणत्या तारखेला, आणि गाडीचा नंबर. दोघांच्या सह्या घड कापायच्या आधी. नंतर घेतलेल्या सहीला किंमत नाही, कारण कापलेला घड तुमच्याविरुद्ध उभा असतो. भावाची तारीख ‘कापणीचा दिवस’ अशी लिहा, ‘गाडी भरण्याचा दिवस’ नको.

पुढच्या तारखेचा चेक घ्या. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. परक्राम्य संलेख अधिनियम, कलम १३८. यातली एक तारीख जरी चुकली तरी खटला कमजोर पडतो, आणि शेतकरी बहुतेक वेळा पहिल्याच ३० दिवसांत ‘देतो-देतो’ ऐकत बसतो. कंपनीच्या कार्यालयात एक वही ठेवून या तारखा कोणीतरी सांभाळल्या तर निम्मं काम झालं.

वजनकाट्याबद्दल: वैध मापन शास्त्र विभागाची दरवर्षीची पडताळणी आणि शिक्का लागतो. काट्यावरचा शिक्का आणि प्रमाणपत्रावरची तारीख बघण्याचा ग्राहकाला हक्क आहे. बागेत येणाऱ्या टांगत्या इलेक्ट्रॉनिक काट्याला सहसा कोणी हे विचारत नाही. कंपनीने स्वतःची २० किलोची शिक्क्याची वजनं घेऊन ठेवावीत. तोलाई सुरू होण्याआधी एकदा लावून बघायला दोन मिनिटं पुरतात.

ठरावात मागणी घाला: शेतमालाच्या थकीत चुकाऱ्यासाठी जिल्हा पातळीवर ठराविक मुदतीत निकाल देणारी न्यायालयीन यंत्रणा, आणि आवाराबाहेरच्या खरेदीदाराची साधी नोंदणी. परवाना नको. नोंदणी म्हणजे नाव-पत्ता-पॅन सांगून लगेच मिळणारा क्रमांक, जो नाकारण्याचा अधिकार कोणाकडे नसेल. नाकारण्याचा अधिकार दिला की तोच पुन्हा परवाना होतो.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. सौदापावतीचा मुद्दा ठरावाची वाट न बघता अमलात आणू. आता खरी अडचण सांगतो. सभेत दोन प्रश्न नक्की येणार. कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढू नका अशी मागणी घालायची का? निर्यात मोकळी मागायची आणि आयात अडवा म्हणायचं, हे विसंगत वाटतं. दुसरा प्रश्न दोन-तीन एकरवाल्यांचा: भाव पडले तर आम्ही काय करायचं?

रुईगाठ

विसंगत आहेच. तरी शुल्काचा हिशोब बघा. फेब्रुवारी २०२१ पासून आयातीवर ११ टक्के होतं. एप्रिल २०२२ मध्ये काही महिने काढलं, परत लावलं. १९ ऑगस्ट २०२५ ला पुन्हा काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमकं आपल्या वेचणीच्या तोंडावर. इथला भाव पूर्णपणे आयातीच्या पडतळीला टेकलेला असेल तर ५४,००० ची खंडी ४८,६५० वर येते, आणि कापसात क्विंटलला ५०० च्या वर फटका बसतो. प्रत्यक्षात एवढा बसेलच असं नाही, ही वरची मर्यादा समजा.

मला ११ टक्के शुल्काची तरफदारी करायची नाही. शुल्कामुळे सूतगिरणीला रुई महाग पडते, ती बाहेरच्या बाजारात हरते, आणि आपलं गिऱ्हाईकच दुबळं होतं. माझा आक्षेप वेळेवर आहे. जूनमध्ये शेतकरी पेरतो तेव्हा शुल्क ११ टक्के, ऑक्टोबरमध्ये विकतो तेव्हा शून्य. पेरणीचा निर्णय एका नियमाखाली, विक्री दुसऱ्या नियमाखाली. म्हणून मागणी अशी लिहा: कापूस वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. आयातशुल्काचा दर पेरणीआधी, म्हणजे मेअखेर, जाहीर व्हावा आणि पुढचं कापूस वर्ष संपेपर्यंत बदलू नये, ना वर ना खाली. शून्य ठेवायचं तर शून्य ठेवा, आम्ही कापसाऐवजी मका पेरायचा की नाही हे ठरवू.

सातपुडापायथा

दुसऱ्या प्रश्नावर. भावात हात न घालता माणसाला मदत करणं शक्य आहे आणि तेच योग्य आहे. पण पद्धत नीट निवडा. मध्य प्रदेशने २०१७ मध्ये भावांतर योजना आणली: बाजारातला सरासरी भाव आणि हमीभाव यांतला फरक सरकार देणार, ठराविक महिन्यांत विकलं तरच. त्या महिन्यांत आवक तुंबली आणि व्यापाऱ्यांनी भाव खाली ठेवले, कारण शेतकऱ्याला वरचा फरक सरकार देणारच होतं. योजनेत नाव नसलेल्या शेतकऱ्यालाही मग तोच पडलेला भाव मिळाला.

महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये दिले, दोन हेक्टरपर्यंत. रक्कम थोडी होती, पण ती विक्रीच्या भावाशी आणि दिवसाशी बांधलेली नव्हती, त्यामुळे बाजार बिघडला नाही. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी: यादी ई-पीक पाहणीवरून (मोबाईलवरून केलेल्या पिकाच्या नोंदीवरून) निघाली, आणि ज्यांनी पाहणी नोंदवली नव्हती ते सुरुवातीला बाहेर राहिले. बटईने शेती करणाऱ्याला तर काहीच नाही, सातबारावर नाव मालकाचं. मालक लेखी करार करत नाही कारण कूळ लागेल ही भीती. नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा राज्यांना पाठवला होता: मालकी मालकाचीच राहील, ठरलेल्या मुदतीपुरती कसणाऱ्याची नोंद होईल. आपल्या ठरावात हे कलम असायला हवं. दोन एकरवाल्याला भरपाई, पीकविमा आणि पीककर्ज, तिन्ही याच नोंदीवर अडतात.

आणि कापूस घरात साठवून भावाची वाट बघा, असा सल्ला कोणी सभेत दिला तर थांबवा. सुटा कापूस घरात ठेवला की वजन घटतं, रंग पिवळा पडतो, घरच्यांच्या अंगाला खाज सुटते, आगीची धास्ती वेगळी. थांबायचंच असेल तर कंपनीने भाड्याने जिनिंग करून घ्यावं, सरकी लगेच विकून सभासदांना पहिला हप्ता द्यावा, आणि गाठी नोंदणीकृत गोदामात ठेवून इलेक्ट्रॉनिक गोदाम पावतीवर बँकेकडून उचल घ्यावी. वरच्या उदाहरणात एका क्विंटलच्या सरकीचेच २,११२ रुपये हातात येतात. कापूस मिसळायच्या आधी प्रत्येक सभासदाचा ओलावा आणि उतारा नोंदवा, नाहीतर चांगल्या मालवाला पुढच्या वर्षी येणार नाही.

केळीबाग

नोंदणीचा मुद्दा, नाकारण्याचा अधिकार नसलेला, मान्य. तो घाला, मी यावलच्या केळीवाल्या सभासदांची सही मिळवून देतो.

बोरीकाठ

पाठवताना एक काळजी घ्या. एकच ठराव सगळ्यांना पाठवू नका, प्रत्येक मागणी ज्याच्या अधिकारातली त्यालाच जाऊ द्या. निर्यात आणि आयातशुल्काचं पान खासदारांमार्फत केंद्राच्या वाणिज्य आणि अर्थ खात्याला. साठामर्यादेचं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याला, बियाण्याच्या दराचं कृषी खात्याला. आवाराबाहेरची नोंदणी आणि चुकाऱ्याचं पान पणन संचालकांना, प्रत आमदारांना. भाडेपट्ट्याचं महसूल खात्याला. वजनकाट्यांचं वैध मापन शास्त्र विभागाला. जिल्हाधिकाऱ्यांकडे ई-पीक पाहणी एवढंच द्या, त्यावर ते खरोखर काही करू शकतात. प्रत्येक पानावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. महिनाभराने माहिती अधिकारात ‘अमुक क्रमांकाच्या अर्जावर कोणती कार्यवाही झाली, टिपणीची प्रत द्या’ असा एका ओळीचा अर्ज करा, दहा रुपये शुल्क भरून (राज्याच्या कार्यालयांना कोर्ट फी स्टॅम्प चालतो). ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि टिपणीवरून फाइल कोणत्या टेबलावर थांबली ते कळतं.